खुलं पत्र: किती एग्ज गोठवली ते सांगता, त्यातून पुढे गर्भ किती वाढले तेही सांगा

एग फ्रीझिंग, म्हणजे बाईचं बीज पुढे मूल व्हावं म्हणून गोठवून ठेवण्याचं काम, करणाऱ्या सगळ्या फर्टिलिटी क्लिनिक्सचे डॉक्टर, लॅबमध्ये बीज आणि गर्भ हाताळणारे एम्ब्रियॉलॉजिस्ट आणि या क्षेत्राचे नियम ठरवणाऱ्या संघटनांचे पदाधिकारी यांना,

नमस्कार.

मागच्या महिन्यात मी माझ्या क्लिनिकला एक साधा मेल केला. तुमच्या लॅबमध्ये गोठवलेली एग्ज थॉ केल्यावर, म्हणजे वितळवल्यावर, त्यातली किती जगतात, किती फर्टिलाइज होतात, म्हणजे शुक्राणूशी जुळून त्यांचा गर्भ होतो, किती गर्भ तिसऱ्या दिवसापर्यंत जातात आणि किती पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात रुजायला तयार झालेले गर्भ, होतात, हे वयाप्रमाणे कळवा एवढंच विचारलं होतं. उत्तर दोन ओळींचं आलं, असा डेटा आम्ही पेशंटना देत नाही, प्रत्येक केस वेगळी असते. ते वाचलं आणि ठरवलं की आता गप्प बसायचं नाही, जे विचारायचंय ते सगळ्यांसमोर विचारायचं. क्लिनिकचं नाव घेत नाहीये आणि घेणारही नाही, कारण मला कुणा एकाला धारेवर धरायचं नाहीये. हा तुमच्या सगळ्यांच्याच कामाच्या पद्धतीचा प्रश्न आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी माझं सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. मी ३६ वर्षांची असताना एग्ज गोठवली. तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, होईल का आणि कधी होईल ते माहीत नव्हतं, आणि मूल हवंय हे मात्र पक्कं माहीत होतं. बारा दिवस पोटात इंजेक्शनं घेतली, भूल दिली, जाग आली तेव्हा नर्स हसत म्हणाली, सोळा मिळाली हं! त्या सोळाच्या आनंदात मी घरी आले, आईला फोन करून सोळा सांगितलं आणि पुढची पाच वर्षं माझ्या डोक्यात तो सोळा आकडाच बसलेला होता. काही वाईट झालं, कुठलं स्थळ मोडलं, ऑफिसात कुणी मुलांबद्दल खोचक बोललं, की मी मनात म्हणायचे माझी सोळा आहेत.

४१ व्या वर्षी नवऱ्याला घेऊन परत गेले तेव्हा फाईल उघडली आणि कळलं की सोळा फक्त बाहेर काढली होती, मॅच्युअर होती बारा आणि गोठवली होती तीच बारा. उरलेली चार कच्ची होती म्हणून टाकून दिली. हे कागदावर होतं का, तर होतं, तिसऱ्या पानावर एका संक्षेपाच्या शेजारी, आणि त्या संक्षेपाचा अर्थ मला त्या दिवशी कुणीही सांगितला नव्हता. बारापैकी आठ थॉ करायची ठरली. सहा जगली. चार फर्टिलाइज झाली. तिसऱ्या दिवशी तीन गर्भ होते, पाचव्या दिवशी एकही ब्लास्टोसिस्ट नव्हता, सहाव्या दिवशी एक कसाबसा झाला. तो आत सोडला आणि तो रुजला नाही.

ते सहा दिवस कसे गेले ते एग्ज गोठवलेल्या बायकांनाच कळेल. रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला लॅबमधून फोन यायचा, मी आठपासून फोन हातात धरून बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे कारण तिथे रेंज नीट यायची, आणि रोज आकडा खाली यायचा. आठ, सहा, चार, तीन, आणि मग "आजचा दिवस वाट बघूया". फोनवरची मुलगी खूप हळुवार बोलायची, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर काही ना काही गळतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळत होतं, पाच वर्षं उशिरा.

त्यानंतर मी वाचायला लागले. मी डॉक्टर नाही, पण मिळेल ते पेपर बसून समजून घेतले, शंका आल्या तेव्हा ओळखीतल्या एका एम्ब्रियॉलॉजिस्टला विचारत गेले. जे कळलं ते इथे लिहिते कारण हे तुम्ही मला ३६ व्या वर्षी सांगायला हवं होतंत.

बाईचं बीज ही शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, व्यास साधारण एक दशांश मिलीमीटर. मोठी म्हणून तिच्यात पाणीही भरपूर, आणि पाणी गोठलं की बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशीला आतून फाडतात. म्हणून एवढी वर्षं एग गोठवणं अवघड होतं. गोठवलेल्या एगपासून पहिलं मूल १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्माला आलं, पण तेव्हाची पद्धत स्लो फ्रीझिंगची, मिनिटाला अर्ध्या अंशाहूनही कमी वेगाने थंड करायची, आणि त्यात बरीच एग्ज मरायची. आता व्हिट्रिफिकेशन करतात. एगमधलं पाणी काढून रसायनं भरायची आणि मग उणे १९६ अंशांच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये इतक्या झटकन बुडवायचं, मिनिटाला हजारो अंशांच्या वेगाने, की बर्फ व्हायला वेळच मिळत नाही, सगळं काचेसारखं घट्ट होतं. या पद्धतीने खरंच खूप फरक पडला आणि ते श्रेय तुमचंच आहे.

पण एग जगलं म्हणजे ते जसं होतं तसंच परत मिळालं असं नाही ना. मॅच्युअर एगच्या आत गुणसूत्रं एका बारीक चातीसारख्या रचनेवर ओळीने लावलेली असतात, तुम्ही तिला स्पिंडल म्हणता. थंडी लागली की ती विस्कटते आणि परत उबेत आल्यावर पुन्हा जुळते, म्हणूनच थॉ केल्यावर लगेच इक्सी, म्हणजे सुईने एगमध्ये एक शुक्राणू सोडणं, न करता तुम्ही दोन-तीन तास थांबता. एगच्या बाहेरचं कवच कडक होतं, म्हणून शुक्राणू सुईनेच आत सोडावा लागतो. शिवाय गर्भ पहिले दोन-तीन दिवस स्वतःच्या जीन्सवर चालतच नाही, तो बीजात आधीपासून भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो, त्यात पेशीला ऊर्जा देणारे मायटोकाँड्रिया आले, प्रोटीन आली, प्रोटीन बनवायच्या सूचना नेणारा आरएनए आला. चार ते आठ पेशी झाल्यावर, तिसऱ्या दिवसाच्या आसपास, गर्भाचे स्वतःचे जीन्स नीट कामाला लागतात. गोठवताना-वितळवताना शिदोरीला धक्का लागला असेल तर एग जिवंत दिसतं, फर्टिलाइजही होतं, आणि मग मध्येच कुठेतरी गर्भ वाढायचा थांबतो. माझे थांबले ते याच कारणाने थांबले असं मी म्हणत नाही. ४१ वर्षांच्या बाईला तुम्ही वयाचं सांगता, पण ती एग्ज ३६ वर्षांची होती. नवऱ्याच्या शुक्राणूंचंही कारण असू शकतं, शुक्राणूच्या डीएनएमधल्या तुटी दुरुस्त करायचं कामही एगच करतं. यातलं नेमकं काय झालं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि सांगता येत नाही यात तुमचा दोष नाही. मला खटकतं ते हे की हा प्रश्न आहे हेच मला आधी कळू दिलं नाही.

कारण तुम्हाला हे माहीत होतं. २०१२ मध्ये एक फार नेटका अभ्यास झाला, एकाच बाईची अर्धी एग्ज ताजी वापरली आणि अर्धी गोठवून थॉ करून, म्हणजे वय तेच, लॅब तीच, शुक्राणू तेच. गोठवलेल्या अर्ध्यात फर्टिलाइज कमी झाली आणि ब्लास्टोसिस्टही कमी झाले. गुणसूत्रांमधले दोष मात्र दोन्हीकडे सारखेच निघाले, आणि जे गर्भ ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचले ते रुजण्यात ताज्यांच्या बरोबरीचे होते. हे वाचून मला राग आला नाही, खरं तर धीर आला. म्हणजे नुकसान होतं ते वाटेत होतं, टिकला तो गर्भ चांगला असतो. ठरावीक वेळाने फोटो घेत राहणाऱ्या टाइम लॅप्स कॅमेऱ्यात गोठवलेल्या एग्जच्या गर्भांची पहिली विभाजनं थोडी उशिराने होताना दिसली आहेत, तेही वाचलं. एवढं सोपं आणि एवढं उपयोगी ज्ञान, पाच मिनिटांत सांगता आलं असतं, आणि मला कळलं असतं की बारा एग्ज म्हणजे बारा संधी नव्हेत.

आता माझ्या तक्रारी. क्रमाने लिहितेय, सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत, पण एकही सोडावीशी वाटत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी. तुम्ही आकडा सांगता तो सुरुवातीचा. किती काढली, किती गोठवली. आणि सर्व्हायव्हल रेट सांगता, नव्वद टक्के वगैरे. तो ऐकला की आमच्यासारख्यांना वाटतं नव्वद टक्के काम झालं. सर्व्हायव्हल म्हणजे फक्त थॉ केल्यावर एग फुटलं नाही, मायक्रोस्कोपखाली गोल आणि साफ दिसलं. त्याच्यापुढे फर्टिलायझेशन, विभाजन, ब्लास्टोसिस्ट, रुजणं, टिकणं एवढा सगळा रस्ता आहे. त्यातून तो नव्वदचा आकडा बहुतेक वेळा दुसऱ्यांसाठी एग्ज देणाऱ्या तरुण डोनर बायकांच्या एग्जवरून आणि मोठ्या अनुभवी लॅबमधून आलेला असतो. न्यूयॉर्कच्या एका युनिव्हर्सिटी सेंटरने २०२२ मध्ये आपल्याकडे १५ वर्षांत थॉ केलेल्या ५४३ बायकांचा पूर्ण हिशोब छापला, तिथे एग्ज जगण्याचं प्रमाण ७९ टक्के होतं, गोठवतानाचं वय साधारण ३८, आणि शेवटी मूल झालं ३९ टक्के बायकांना. ३८ च्या आत गोठवलेल्या आणि वीस किंवा जास्त मॅच्युअर एग्ज थॉ केलेल्या बायकांमध्ये हाच आकडा ७० टक्के होता. हे आकडे वाचून कुणी घाबरून पळून जाईल असं मला वाटत नाही. मी पळाले नसते. मी दुसरी सायकल केली असती, म्हणजे पुन्हा इंजेक्शनं घेऊन आणखी एग्ज काढून गोठवली असती, माझी तेव्हा ऐपत होती, वय होतं, शरीर तयार होतं. मला कुणी सांगितलं नाही म्हणून मी सोळावर समाधान मानून थांबले, आणि ती दुसरी सायकल करायची वेळ आता परत येणार नाहीये. हे दुःख थॉ फसल्याच्या दुःखापेक्षा मोठं आहे, खरंच सांगते.

दुसरी. काउन्सेलिंगला तुम्ही घड्याळ थांबवा म्हणता, जाहिरातीतही तेच लिहिता. वयाचा परिणाम गोठवलेल्या दिवशी थांबतो हे खरंच आहे, टाकीत पडून एग खराब होत नाही, मधल्या वर्षांनी फरक पडत नाही हेही मी वाचलंय. पण जे व्हायचं ते आत जाताना आणि बाहेर येताना होतं, आणि त्याबद्दल त्या जाहिरातीत एक शब्द नसतो. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनने २०१२ मध्ये एग फ्रीझिंगवरचा प्रायोगिक हा शिक्का काढला ते तुम्ही सगळीकडे सांगता. त्याच कागदात त्यांनी असंही म्हटलं होतं की निव्वळ वय वाढतंय म्हणून निरोगी बायकांना याची शिफारस करण्याइतका डेटा अजून नाही. ते वाक्य मला कुठल्याच ब्रोशरमध्ये दिसलं नाही.

तिसरी. माझी एग्ज कुठल्या पद्धतीने, कुठल्या कंपनीच्या किटने, कुठल्या डिव्हाइसवर, म्हणजे एग ठेवायच्या कुठल्या बारीक पट्टीवर, गोठवली, ती थेट नायट्रोजनला लागली का बंद नळीत होती, एका डिव्हाइसवर किती होती, हे मला दिलेल्या कागदांत कुठेच नाही. मला हे का हवं, तर थॉ करताना गोठवण्याच्या वेगापेक्षाही वितळवण्याचा वेग जास्त महत्त्वाचा असतो. उणे १९६ वरून सदतीस अंशांच्या द्रावणात क्षणात यायला लागतं, मध्ये रेंगाळलं तर तिथेच बर्फ होतो. उद्या मला शहर बदलावं लागलं, क्लिनिक बंद पडलं, लॅबमधली माणसं बदलली तर समोरच्याला हे माहीत असायलाच हवं. माझ्या बाबतीत गोठवणारी मॅडम तीन वर्षांपूर्वीच सोडून गेली होती, थॉ करणाऱ्याने तिची हस्तलिखित नोंद बघून काम केलं. नोंद नीट होती असं ते म्हणतात. मी विश्वास ठेवला, कारण दुसरं काय करणार.

चौथी छोटी आहे. फॉर्मवर सही घेताना तुम्ही वीस पानं समोर ठेवता आणि भूल द्यायच्या दिवशी सकाळी ठेवता. तेव्हा कुणी वाचू शकत नाही.

पाचवी. माझे दोन गर्भ तिसऱ्या दिवसानंतर थांबले. त्यांचे फोटो मागितले तर सांगितलं की वाढ थांबलेल्यांचे फोटो ठेवत नाही. मला फोटो आठवण म्हणून नको होते. कुठल्या पायरीला, किती पेशींना, कसे दिसत असताना थांबले हे लिहून ठेवलंत तर पुढच्या वेळी त्याचा उपयोग होईल, मला नाही तर निदान दुसऱ्या कुणाला. थांबलेल्या गर्भांची नोंदच राहिली नाही तर गोठवण्याचा पुढच्या वाढीवर काय परिणाम होतो हे तुम्ही तरी शिकणार कसं?

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी, कारण हे पत्र वाचून कुणी मुलगी घाबरू नये. गोठवलेल्या एग्जपासून झालेल्या मुलांबद्दल आतापर्यंत जे समोर आलंय ते चांगलं आहे. २००९ मध्ये ९३६ बाळांचा आढावा छापला गेला, त्यात जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. २०१४ मध्ये व्हिट्रिफाय केलेल्या एग्जची १०२७ बाळं आणि ताज्या एग्जची १२२४ बाळं यांची तुलना झाली, गर्भारपण आणि बाळंतपणात गोठवण्यामुळे धोका वाढलेला आढळला नाही. ही मुलं मोठी होताना त्यांचं आरोग्य कसं राहतं याचा पाठपुरावा मात्र अजून खूप तोकडा आहे, आणि तो तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही. कॅन्सरच्या ट्रीटमेंटआधी एग्ज गोठवणाऱ्या मुलींसाठी तर ही सोय म्हणजे मोठा आधार आहे. मी एग फ्रीझिंगच्या विरोधात नाहीये. आज माझी धाकटी मैत्रीण विचारेल तर मी तिला कर म्हणेन, लवकर कर म्हणेन, आणि बसून या सगळ्या पायऱ्या समजावेन. ते काम मी करायला लागू नये एवढंच.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एग्ज गोठवायच्या आधी प्रत्येक बाईला तुमच्या स्वतःच्या लॅबचे आकडे लेखी द्या. थॉ केलेल्या दर दहा एग्जमागे किती जगली, किती फर्टिलाइज झाली, किती ब्लास्टोसिस्ट झाले, किती बाळं जन्माला आली, आणि हे गोठवतानाच्या वयाप्रमाणे वेगवेगळं. तुमच्याकडे अजून फार थॉ झालेच नसतील तर तसं लिहा, आमच्याकडे आतापर्यंत एवढेच थॉ झालेत म्हणून. ते चालेल. परदेशातल्या दुसऱ्या कुणाच्या लॅबचा आकडा आपला असल्यासारखा दाखवू नका.

एग्ज काढल्यावर त्या दिवशी फोनवर जो आकडा सांगाल तो मॅच्युअर एग्जचा सांगा. थोडं थांबून, दुपारी सांगितलात तरी चालेल, पण तोच सांगा.

प्रत्येकीला एक कार्ड द्या, त्यावर पद्धत, किट, डिव्हाइस, प्रत्येक डिव्हाइसवरची एग्ज, तारीख आणि गोठवणाऱ्याची सही. रक्तगट लिहिलेलं कार्ड जसं आपण जपून ठेवतो तसं ते आम्ही ठेवू.

संमतीपत्र किमान आठवडाभर आधी घरी वाचायला द्या, आमच्या भाषेत द्या, आणि ज्या पायऱ्यांवर एग किंवा गर्भ गळू शकतो त्या तिथे ओळीने लिहा.

संघटनांना माझी वेगळी विनंती आहे. गोठवलेल्या एग्जपासून तयार झालेल्या प्रत्येक गर्भाची, थांबलेल्या गर्भांसकट, नोंद ठेवायचा नियम करा. नावं नकोत, फक्त वय, पद्धत आणि कुठल्या दिवशी काय झालं. आणि जी मुलं जन्माला येतात त्यांच्या आईवडिलांना विचारा, बहुतेक जण पुढची दहा-पंधरा वर्षं माहिती द्यायला आनंदाने तयार होतील. माझं झालं असतं तर मी दिली असती.

माझी चार एग्ज अजून टाकीत आहेत. दरवर्षीप्रमाणे या वर्षीही मी स्टोरेजचे पैसे भरलेत. ती बाहेर काढायची का आणि कधी काढायची, चारही एकदम काढायची का दोन-दोन करून, हे मला आणि नवऱ्याला येत्या काही महिन्यांत ठरवायचंय. मागच्या महिन्यात मेलमध्ये जे विचारलं होतं तेच परत विचारतेय. तुमच्या लॅबमध्ये, ३६ व्या वर्षी गोठवलेल्या एग्जचं, थॉ केल्यापासून सहाव्या दिवसापर्यंत काय होतं, ते मला लिहून कळवा. उत्तर येईपर्यंत त्या चारांना हात लावू नका.

तुमची एक पेशंट